पेसमेकर घेऊन गड चढायचा तर

पेसमेकर बसवून माणूस घरी आला की घरच्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, 'आता दगदग नको.' प्रेमापोटीच म्हणतात, पण त्याचा परिणाम वाईट होतो. रोज टेकडीवर जाणारा माणूस सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या मारून परत फिरायला लागतो, जिना टाळतो आणि वर्षभरात पायातलं बळ खरोखरच जातं. मग दम लागतो, आणि दम लागला की हृदयाचंच काहीतरी असणार म्हणून उरलंसुरलं चालणंही बंद होतं. पेसमेकर बसवतात तो माणसाला खुर्चीत बसवण्यासाठी नव्हे. ठोके मंदावल्यामुळे येणारी चक्कर आणि थकवा थांबावा, त्याला पुन्हा हिंडता-फिरता यावं, यासाठी बसवतात.

माझ्या छातीत पेसमेकर आहे आणि मी सह्याद्रीत भटकतो. ज्यांना पुन्हा टेकडी, गड, सायकल किंवा वारी धरायची आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझं मुख्य म्हणणं एकच: यंत्राचं सेटिंग आपल्या चालीशी जुळवून घेतल्याशिवाय 'आता मला जमत नाही' असा निकाल लावू नका.

आधी आपल्या यंत्राची माहिती काढा

पुढचं सगळं या माहितीवर अवलंबून आहे. फाइल घेऊन डॉक्टरांसमोर बसा आणि विचारून कागदावर लिहून घ्या.

पहिला प्रश्न, मला पेसमेकर कशासाठी बसवला? काहींचा हृदयातला मूळ ठोका देणारा भाग, म्हणजे सायनस नोड, सुस्त झालेला असतो. काहींचा तो भाग ठणठणीत असतो, पण वरच्या कप्प्यातला संदेश खालच्या कप्प्यापर्यंत पोचत नाही. त्याला हार्ट ब्लॉक म्हणतात. चढावर या दोघांच्या अडचणी वेगळ्या असतात, त्या पुढे सांगतो.

दुसरा प्रश्न, मी यंत्रावर किती अवलंबून आहे? काहींचं यंत्र अधूनमधून मदतीला येतं, तर काहींचा जवळजवळ प्रत्येक ठोका यंत्राचाच असतो. दुसऱ्या प्रकारातल्या माणसाची वायर तुटली तर तो जागेवर कोसळू शकतो. त्यामुळे धक्काबुक्कीचे खेळ, कड्यावरच्या वाटा, एकट्याने भटकणं यांबाबतचं त्याचं गणित जास्त कडक असायला हवं.

तिसरा प्रश्न, यंत्र साधा पेसमेकर आहे की झटका देणारं आयसीडी? बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. आयसीडी असेल तर ठोके ठरावीक आकड्याच्या वर गेल्यावर झटका बसू शकतो, म्हणून व्यायामात त्या आकड्यापासून बरंच खाली राहावं लागतं. हा लेख साध्या पेसमेकरबद्दल आहे. आयसीडी असणाऱ्यांनी किंवा हृदयाची पंपिंगची ताकद कमी झालेल्यांनी यातलं काहीही डॉक्टरांशी बोलल्याशिवाय उचलू नये.

यंत्रासोबत मिळालेल्या ओळखपत्राचा फोटो मोबाइलमध्ये ठेवाच, पण एक लॅमिनेट केलेली प्रत पाकिटातही असू द्या. गडावर मोबाइलची बॅटरी संपते, पाकीट संपत नाही.

पहिले सहा आठवडे

यंत्र बहुतेकांना डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवतात. तिथून निघालेली वायर, म्हणजे लीड, शिरेतून हृदयात जाते आणि तिचं टोक आतल्या स्नायूला पकडतं. ही पकड पक्की व्हायला वेळ लागतो. तोवर हात झटक्याने वर गेला किंवा जोराने मागे ओढला गेला तर टोक जागचं हलू शकतं. म्हणून साधारण चार ते सहा आठवडे त्या बाजूचं कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही आणि चार-पाच किलोंच्या वरचं ओझं त्या हाताने उचलायचं नाही. पाण्याची भरलेली बादली, गॅसची टाकी, लोकलचा वरचा दांडा, माळ्यावरचा डबा, ही सगळी कामं त्या काळापुरती दुसऱ्या हाताची किंवा दुसऱ्या माणसाची.

पण हात छातीशी बांधल्यासारखा धरून ठेवणं हेही चूक आहे. भीतीने हात हलवलाच नाही तर खांदा आखडतो, आणि आखडलेला खांदा सोडवायला महिने जातात. खांद्याच्या उंचीच्या खाली हात मोकळेपणाने हलवा. जेवा, कपडे घाला, केस मात्र मान खाली घालून विंचरा.

चालणं तर डॉक्टरांनी सांगितलं की लगेच, बहुतेकदा दुसऱ्या दिवसापासूनच, सुरू करता येतं. घरात, मग गॅलरीत, मग रस्त्यावर. पायांना कुठलीही बंदी नाही, हे घरातल्या सगळ्यांच्या कानावर घाला.

जखमेवर रोज नजर ठेवा. लाली, सूज, पाणी किंवा पू येणं, ताप, यातलं काहीही दिसलं तर घरगुती मलम लावून दोन दिवस वाट बघू नका. यंत्राच्या जागेतला जंतुसंसर्ग ही साधी गोष्ट नाही. ज्यांनी यंत्र बसवलं त्यांच्याकडेच त्याच दिवशी जा. आणि कातडीखालचं यंत्र बोटांनी चाचपून फिरवत बसायची सवय लावून घेऊ नका, त्यानेही वायर गुंडाळली जाऊन सुटते.

वायर नसलेला छोटा पेसमेकर बसवला असेल, तर तो जांघेतल्या शिरेतून थेट हृदयात जातो. तिथे हाताचं पथ्य नसतं, जांघेतल्या जखमेचं असतं.

सपाटीवरून टेकडीकडे

सहा आठवड्यांनी तपासणी होऊन परवानगी मिळाली की वाढवत जायचं. मी असा क्रम सांगेन: सपाट रस्त्यावर सलग अर्धा-पाऊण तास आरामात चालता येईपर्यंत चढाचं नाव काढायचं नाही. मग उड्डाणपुलासारखा सौम्य चढ. मग पायऱ्या. पुण्यात असाल तर पर्वतीच्या १०३ पायऱ्या यासाठी फार सोयीच्या आहेत, कारण त्या रुंद आहेत, कुठेही थांबता येतं, आणि आजूबाजूला सतत माणसं असतात. मुंबईकरांना बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीकडे जाणारा रस्ता आहे. आठवड्याला एकच गोष्ट वाढवा: अंतर, चढ किंवा वेग. तिन्ही एकदम वाढवले की नेमकं कशाने दमलो ते कळत नाही.

श्रम किती झाले हे कसं ओळखायचं? २२० मधून वय वजा करून काढलेला ठोक्यांचा आकडा इथे विसरा. तुमचे ठोके यंत्राचं सेटिंग आणि कदाचित ठोके आवरणारी एखादी गोळी ठरवतात, वय नव्हे. मनगटावरचं घड्याळही यंत्राच्या ठोक्यांत कधी कधी गडबडतं. सगळ्यात खात्रीचं माप म्हणजे बोलणं. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही, एवढ्यावर राहा. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करा.

सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं मुद्दाम हळू चाला. यंत्राचा सेन्सर हालचाल ओळखून ठोके वाढवतो, पण निरोगी हृदयाइतक्या चपळाईने नव्हे. गाडीतून उतरून थेट उभ्या चढाला भिडलात तर पायांनी मागितलेलं रक्त पोचायला उशीर होतो. थांबतानाही तसंच, एकदम बसकण मारू नका, चार पावलं टाकत थांबा.

सेटिंग: इथेच खरी मेख आहे

कित्येकांचं यंत्र ठरीव सेटिंगवरच चालू राहतं. किमान ६०, कमाल १२० किंवा १३०, आणि सेन्सर असा की घरात वावरणाऱ्या माणसाला पुरावा. घरात वावरणाऱ्याला ते पुरतंही. तुम्ही गड चढता हे तुम्ही सांगितल्याशिवाय कोणाला कळणार?

तुमच्या यंत्राचा प्रकार व्हीव्हीआयआर, डीडीडीआर अशा अक्षरांत लिहिलेला असतो. शेवटचं 'आर' म्हणजे हालचालीप्रमाणे ठोके वाढवण्याची सोय. ती सोय यंत्रात असूनही बंद ठेवलेली असू शकते, तेव्हा ती चालू आहे का, हेच आधी विचारा. ज्यांचा सायनस नोड सुस्त आहे, त्यांची चढावरची सगळी मदार या सोयीवर असते.

बहुसंख्य यंत्रांत हा सेन्सर शरीराचे हिसके मोजतो. त्यामुळे एक गंमतशीर उलटापालट होते. गड चढताना आपण संथ, एकेक पाऊल रोवत जातो; धड फारसं हलत नाही, म्हणून सेन्सरला वाटतं हा माणूस रमतगमत चाललाय. उतरताना प्रत्येक पायरीवर दणका बसतो, आणि सेन्सर ठोके वाढवतो. म्हणजे गरज असते तेव्हा ठोके कमी, आणि गरज नसताना जास्त. सायकलवर हेच आणखी ठळक दिसतं. पाय जोरात फिरताहेत पण छाती स्थिर, त्यामुळे घाटात दम उखडतो. काही यंत्रांत श्वासाची गती ओळखणारा किंवा हृदयाच्या आकुंचनाचा अंदाज घेणारा सेन्सर असतो, तो चढावर आणि सायकलवर जास्त चांगलं काम करतो. यंत्र अजून बसवायचं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा की मी सायकलवाला आहे, मी ट्रेकर आहे. निवड तेव्हाच होते.

हार्ट ब्लॉकवाल्यांची अडचण वेगळी. त्यांचा सायनस नोड चढावर ठोके बरोबर वाढवतो आणि यंत्र ते खाली पोचवतं, पण ठरवलेल्या कमाल आकड्यापर्यंतच. तो आकडा ओलांडला की यंत्र मधले ठोके गाळायला लागतं, आणि सेटिंग नीट जुळलेलं नसेल तर ठोके एकदम निम्म्यावर येतात. इतका वेळ छान चढणारा माणूस एका वळणावर अचानक पाय गळून उभा राहतो, मिनिटभर थांबला की पुन्हा ठीक. असं होत असेल तर ते वय नाही आणि आळसही नाही. डॉक्टरांना हे असंच्या असं सांगा.

पेसमेकर चेक करायला जाताना म्हणून तयारीने जा. गेल्या महिन्यात कुठे, किती मिनिटांनी, चढताना की उतरताना काय झालं, ते लिहून न्या. तारीख-वेळ लिहिलेली असेल तर आणखी चांगलं, कारण यंत्रही नोंदी ठेवत असतं. टेक्निशियन छातीवर वँड, म्हणजे यंत्राशी संपर्क साधणारी चकती, ठेवून प्रोग्रॅमर, म्हणजे सेटिंग वाचणारा आणि बदलणारा संगणक, जोडतो, तेव्हा त्याला रेट हिस्टोग्राम दाखवायला सांगा. पडद्यावर उभे खांब दिसतात: गेल्या काही महिन्यांत ठोके ६० ते ७० मध्ये किती वेळ होते, ८० मध्ये किती, १०० च्या वर किती. आठवड्यातून चार दिवस टेकडी चढणाऱ्या माणसाचे सगळे खांब जर ६० आणि ७० लाच गर्दी करून उभे असतील आणि पुढे मोकळं मैदान असेल, तर सेन्सर तुमची टेकडी ओळखतच नाही, हे तिथे काळ्यावर पांढरं दिसतं.

मग सेन्सर किती हालचालीला जागा व्हावा, ठोके किती वेगाने वाढावेत, कमाल किती असावी, हे बदलता येतं. त्यासाठी ऑपरेशन नाही, सुई नाही. बदलल्यावर लगेच हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये जोरात चालून, दोन मजले चढून पुन्हा बघा, किंवा ट्रेडमिलवर तपासा. एका फेरीत जमलं नाही तर महिन्याने पुन्हा जा. एक सावधगिरी मात्र हवी: ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळे आहेत त्यांना जास्त ठोक्यांनी छातीत दुखू शकतं, म्हणून कमाल आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा.

सॅक, पट्टे आणि चुंबक

सॅकचा डावा पट्टा नेमका यंत्रावरून जातो. दिवसभर घासला तर कातडी सोलवटते, आणि यंत्रावरची कातडी आधीच ताणलेली, पातळ असते. त्यामुळे कमरेचा पट्टा चांगला असलेली सॅक घ्या आणि वजन कमरेवर येऊ द्या. खांद्याचे पट्टे फक्त सॅक मागे पडू नये एवढ्यासाठी. छातीवरचा आडवा पट्टा लावून डावा पट्टा थोडा आत ओढला तर तो यंत्रावरून सरकतो. पट्ट्याखाली मऊ स्पंजचा तुकडा शिवून घेणं हा घरगुती पण उत्तम उपाय. एका खांद्यावरची बॅग दुसऱ्या बाजूलाच अडकवा.

पाण्याची पिशवी असलेल्या सॅकमध्ये एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. नळीचं तोंड अडकवायला काही सॅकच्या छातीच्या पट्ट्यावर चुंबकाचं क्लिप असतं, म्हणजे अगदी यंत्राशेजारी. चुंबक जवळ आलं की यंत्र बंद पडत नाही, पण ते ठरावीक आकड्यावर अडकतं आणि सेन्सर दुर्लक्षित होतो. चुंबक दूर केलं की पूर्ववत. ते क्लिप काढून साधं प्लॅस्टिकचं लावा. मोबाइलही शर्टाच्या खिशात नको, विशेषतः ज्याच्या पाठीत चुंबकाची कडी आहे तो. १५ सेंटिमीटरचं अंतर ठेवा आणि फोन उजव्या कानाला लावा. इअरफोनच्या डबीच्या झाकणातही चुंबक असतं. मेटल डिटेक्टरच्या दारातून न रेंगाळता निघून जा, आणि हातातलं यंत्र छातीवर फिरवू लागले तर कार्ड दाखवा.

रॅपलिंग, म्हणजे दोराने कडा उतरणं, करायचं असेल तर कमरेचं हार्नेस चालतं, छातीचं यंत्रावर दाबतं. आणि हात डोक्यावर ठेवून शरीराचं वजन पेलावं लागतं ते प्रस्तरारोहण मी तरी सुचवणार नाही. गळपट्टीचं हाड आणि पहिली बरगडी यांच्यामधून वायर जाते. वर्षानुवर्षं तिथे चिमटा बसला की वायर झिजते.

काय चालतं, काय नको

चालणं, ट्रेकिंग, सायकल, पळणं, नाचणं चालतं. बॅडमिंटन उजव्या हाताने खेळणाऱ्याचं यंत्र डावीकडे असेल तर निर्धास्त. बैठका खुशाल मारा. जोर मात्र डॉक्टरांना विचारून, कमी संख्येने. सूर्यनमस्कार जखम पूर्ण भरल्यावर, सावकाश. शीर्षासन, मयूरासन, जड बेंचप्रेस यांत खांद्यावर आणि छातीवर भार येतो, ते सोडलेलं बरं.

कबड्डी, कुस्ती, ज्युदो नको. छातीवर बसलेला एक गुडघा यंत्राला किंवा वायरला इजा करू शकतो. लेदरच्या चेंडूने क्रिकेट खेळत असाल तर छातीचं पॅड बांधा.

पोहणं जखम भरल्यावर, विचारून सुरू करा. हात डोक्यावरून फिरवण्याऐवजी ब्रेस्टस्ट्रोक वायरला सौम्य. मालवण-तारकर्लीला स्कुबा करायचा मोह होतो. प्रत्येक दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो आणि यंत्र किती दाब सोसेल हे मॉडेलवर ठरतं. कंपनीकडून खोलीची मर्यादा आणि डॉक्टरांची लेखी परवानगी, दोन्ही हातात असल्याशिवाय बोटीवर चढू नका. पाण्याखाली आलेली चक्कर जिवावर बेतते.

वारीत चालायला हरकत नाही, आळंदीहून निघणाऱ्यांसाठी दिवे घाट हीच मोठी परीक्षा. पण तुळशीवृंदावन किंवा गाठोडं डोक्यावर धरून तासन्‌तास हात वर ठेवू नका, फुगडीत हाताला हिसके बसतात, ती टाळा, आणि गर्दी दाटली की कडेने चाला.

उंचीची काळजी सह्याद्रीत नाही. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे विरळ हवेचा प्रश्न जिथे सुरू होतो त्या २५०० मीटरच्या बरीच खाली. हिमालयात मात्र प्रश्न यंत्राचा नसून त्यामागच्या हृदयाचा आणि मदत किती दूर आहे याचा असतो. तिथे जाण्याआधी इको आणि ट्रेडमिल करून घ्या.

गडावर

पहिला गड लोहगड धरा. लोहगडवाडीपासून पायऱ्या आहेत, वाट चुकत नाही, माणसं असतात. रोपवे असलेला रायगडही चांगला, कारण चढून गेल्यावर उतरायची सोय होते. पावसाळ्यातली शेवाळलेली वाट पहिल्या वर्षी नको. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर घसरून डोकं आपटणं हा पेसमेकरपेक्षा मोठा धोका आहे. डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पाणी घोटघोट सतत प्या, उन्हात लिंबूसरबत जवळ ठेवा, पण रक्तदाबाचं किंवा पाणी कमी करायचं पथ्य असेल तर मीठ-पाण्याचं प्रमाण आधी विचारून घ्या. सकाळच्या गोळ्या 'उतरल्यावर घेईन' म्हणून लांबवू नका.

सोबत्यांपैकी निदान एकाला यंत्र कुठे आहे, कार्ड कुठे आहे ते सांगून ठेवा. डोळ्यांपुढे अंधारी, छातीत दुखणं, अकारण धाप, सतत उचकी किंवा छातीचा स्नायू लयीत उडत राहणं, यातलं काही झालं की तिथूनच परत. शेवटची दोन लक्षणं वायर हलल्याची असू शकतात, म्हणून खाली आल्यावर यंत्र तपासून घ्या. माणूस शुद्ध हरपून पडला, श्वास नीट नाही, तर १०८ ला फोन आणि लगेच छातीवर दाब देणं सुरू. पेसमेकर आहे म्हणून कोणी हात आखडू नये. हात लावणाऱ्याला काही होत नाही. झटका देणारं मशीन मिळालं तर त्याचं पॅड यंत्राच्या थेट वर चिकटवायचं नाही, थोडं बाजूला.

बॅटरी बदलायची वेळ

जगातला पहिला आत बसवलेला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांना बसवला, आणि तो काही तासच टिकला. पुढे त्यांनी २६ यंत्रं वापरली आणि २००१ मध्ये ८६ व्या वर्षापर्यंत जगले. आजची यंत्रं बहुधा आठ ते बारा वर्षं चालतात. बॅटरी अचानक संपत नाही, तपासणीत काही महिने आधी इशारा मिळतो, म्हणून सहा महिन्यांची किंवा वर्षाची तपासणी चुकवू नका आणि मोठी मोहीम तपासणीनंतर ठेवा.

बदलताना वायर चांगली असेल तर फक्त यंत्र बदलतात, त्यामुळे हाताचं पथ्य बहुधा थोडक्यात आटपतं, जखमेचं तेवढं पाळायचं. पण नवं यंत्र ठरीव सेटिंग घेऊन येऊ शकतं. ऑपरेशनच्या आधी जुन्या यंत्राच्या सगळ्या सेटिंगची छापील प्रत मागून घ्या, ती डॉक्टरांच्या हातात द्या, आणि जखम भरल्यावर पुन्हा कॉरिडॉरमध्ये चालून, जिना चढून हिस्टोग्राम बघायची तारीख त्याच दिवशी ठरवून या.